पेन्सिलीच्या आधी बोटं: लहान मुलांचा हात घरच्या घरी कसा तयार करावा

मूल तीन वर्षांचं झालं की घरात पहिली खरेदी होते ती गिरवण्याच्या वह्यांची. ठिपक्यांवरून ‘अ’ गिरव, रेघेवरून रेघ ओढ. चार ओळी झाल्या की मूल पेन्सिल टाकून पळतं आणि तक्रार सुरू होते, ‘लिहायला बसायचं नावच घेत नाही.’ मी बालवाडीत शिकवते. अशी तक्रार आली की मी वही बाजूला ठेवते आणि मुलाचा हात बघते. पेन्सिल मुठीत गच्च धरलेली असते, नखं दाबून पांढरी पडलेली असतात, खांदा कानाला लागलेला असतो. हे मूल आळशी नाही. त्याच्या हाताला झेपत नाही एवढंच.

चूक मुलाची नाही, क्रमाची आहे. हातावरचा ताबा खांद्याकडून बोटांकडे येतो: आधी खांदा स्थिर होतो, मग कोपर, मनगट, तळवा आणि सगळ्यात शेवटी बोटांची टोकं. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मताना ती कूर्चेच्याच रूपात असतात आणि एकेक करून पक्की होतात. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेमध्ये त्यातली जेमतेम तीन-चार दिसतात, शेवटचं हाड दिसायला आठ ते बारा वर्षं लागतात. आपण मात्र सुरुवातच शेवटच्या पायरीपासून करतो.

खालच्या सहा पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिली पायरी पूर्ण संपल्याशिवाय दुसरीला हातच लावायचा नाही असं नाही, थोडं पुढे-मागे चालतं. पण मूल एखाद्या पायरीवर अडलं तर पुढे ढकलू नका, एक पायरी मागे या.

## आधीची तयारी

जागा. जमिनीवर चटई किंवा जुनी चादर अंथरा आणि मुलासमोर कडा असलेली परात किंवा ताट ठेवा. परातीमुळे सांडलेलं आतच राहतं आणि मुलालाही कळतं की काम इथे करायचंय. खुर्चीवर बसवणार असाल तर पाय लटकते नकोत. पायाखाली पाट किंवा जुन्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. पाय अधांतरी असले की मूल तोल सांभाळण्यात गुंततं आणि बोटांकडे लक्षच राहत नाही.

वेळ. दहा-पंधरा मिनिटं रोज पुरतात. झोपेच्या वेळी किंवा भुकेल्या पोटी नको. मूल स्वतःहून उठलं की तो खेळ तिथे संपला, ‘अजून पाचच उचल’ म्हणू नका.

सामान. बाजारातला संच आणायची काही गरज नाही. कणीक, स्पंज, कपड्यांचे चिमटे, झाकणाच्या बरण्या, राजमा, जुने शर्ट, बुटाची नाडी, खडू आणि पाटी एवढ्यात सगळं भागतं.

सावधान: आकार तपासा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सुमारे ३.२ सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू एकट्याने देऊ नका. १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे त्याच्याहून थोडी मोठी वस्तूही घशात अडकू शकते. शेंगदाणे आणि चणे खेळायला मुळीच नकोत. नाकात गेलेला चणा ओलाव्याने फुगतो आणि बाहेर काढणं अवघड होतं. बटणासारखे गोल सेल आणि छोटी लोहचुंबकं मुलाच्या आसपासही नकोत. या लेखात जिथे कडधान्य आहे तिथे मोठ्या माणसाने समोर बसायचं. ओट्याजवळून लक्ष ठेवणं पुरेसं नाही. खेळ संपला की दाणे उचलून वर ठेवा.

## पायरी १: खांदा आणि पाठ

बोटांच्या लेखात बेडूकउड्या कशाला, असं पालक विचारतात. खांदा डगमगत असेल तर बोटं नीट चालत नाहीत. लोंबकळत्या फळीवर बसून सुईत दोरा ओवायला घेतला तर काय होईल, तसंच ते आहे.

तळव्यांवर शरीराचा भार येईल असे खेळ घ्या. अस्वलासारखं हातापायांवर चालणं, बेडूकउड्या, भिंतीला दोन्ही हात टेकून ‘भिंत ढकलू या’. मूल चार वर्षांचं असेल तर ढकलगाडी: तुम्ही त्याच्या मांड्या धरायच्या, त्याने हातांवर चार पावलं टाकायची. घोटे धरू नका, लहान मुलाची कंबर खाली वाकते आणि पाठीवर ताण येतो. मुलाला पालथं झोपवून कोपरांवर चित्रांचं पुस्तक बघायला लावणं हा सगळ्यात कमी कष्टाचा व्यायाम.

तपासा: रांगताना तळवा पूर्ण उघडून जमिनीला टेकतो का? मूल मुठीवर किंवा बोटांच्या टोकांवर भार घेत असेल तर या पायरीवर अजून दोन-तीन आठवडे राहा.

## पायरी २: तळवा आणि मूठ

आता जोर यायला हवा. यासाठी कणकेसारखं दुसरं काही नाही. पोळ्यांची कणीक मळून झाली की लिंबाएवढा गोळा मुलाला द्या. आधी नुसतं दाबू दे, चिमटू दे, ओढू दे. मग दोन तळव्यांमध्ये गोळा फिरवणं, मग पोळपाटावर एका तळव्याने लांब वळकटी करणं. लाटणं सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत लाटणं आधी दिलं जातं आणि मूल नुसतं ते ढकलत बसतं, बोटांना काम मिळतच नाही.

कणीक घट्टसर हवी. हाताला चिकटणारी असेल तर मूल दोन मिनिटांत वैतागतं.

सावधान: टिकाऊ व्हावी म्हणून कणकेत भरपूर मीठ घालायची पद्धत आहे. जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याला ती देऊ नका, इतकं मीठ पोटात जाणं धोक्याचं आहे. साधी कच्ची कणीकही खाऊ देऊ नये. खेळ झाला की हात धुवायचे.

दुसरं काम पाण्याचं. दोन पातेली घ्या, एकात पाणी, दुसरं रिकामं. स्पंज बुडवायचा, उचलायचा आणि रिकाम्या पातेल्यात पिळायचा. सुरुवातीला मूल एका मुठीने दाबतं. काही दिवसांनी रुमाल द्या. रुमाल पिळायला दोन्ही मनगटं उलट दिशांना वळवावी लागतात आणि ते जमायला वेळ लागतो. पाण्याच्या खेळात उठून जाऊ नका. पाणी कितीही कमी असलं तरी.

लिंबू पिळणं, फवाऱ्याच्या बाटलीने झाडांना पाणी मारणं, ओल्या फडक्याने पाट पुसणं, सगळं याच पायरीतलं.

तपासा: स्पंज पिळून झाल्यावर तुम्ही एकदा पिळून बघा. भरपूर पाणी निघालं तर मुठीत जोर यायचाय.

## पायरी ३: चिमटी

या पायरीवर घाई करू नका. अंगठा आणि तर्जनी समोरासमोर येणं हे बोटांच्या कामातलं मोठं वळण आहे. साधारण नऊ-दहा महिन्यांचं बाळ चिमटीने वस्तू उचलायला लागतं आणि वर्षाच्या आसपास ती चिमटी नेमकी होते. मग आपल्या घरांत काय होतं? बाळ भाताची शितं उचलायला लागतं, कपडे बरबटतात, खाली सांडतं आणि आपण ताट काढून घेऊन भरवायला लागतो. ते भरवणं चार-पाच वर्षांपर्यंत चालतं, बहुतेक वेळा समोर मोबाईल ठेवून.

मला यातली सगळ्यात मोठी चूक हीच वाटते. वरण-भात कालवणं, घास जमवणं, तो अंगठ्याने तोंडात ढकलणं, पोळीचा तुकडा तोडून त्यात भाजी धरणं: दिवसातून दोन-तीनदा फुकट मिळणारा एवढा उत्तम व्यायाम दुसऱ्या कुठल्या खेळात नाही. मी माझ्या मुलीला साडेतीन वर्षांपर्यंत भरवलं, कारण सकाळी शाळा गाठायची असायची. तिला पोळी तोडता येत नाही हे मला एका लग्नाच्या पंगतीत कळलं. ती पानासमोर हात मांडीत घेऊन बसून राहिली होती.

सुरुवात अशी करा. वर्षाच्या बाळाला बसवून, समोर थांबून, ताटलीत मऊ भाताची शितं किंवा बोटाने दाबून चिरडतील असे शिजलेल्या गाजराचे बारीक तुकडे द्या. दीड-दोन वर्षांपासून रोजचं निदान एक जेवण त्याच्या हाताने, सांडलं तरी. पोळी आधी दोन हातांनी तोडू द्या. एका हाताने तोडणं पाच वर्षांच्या आसपास जमायला लागतं, ते आधी मागू नका.

तीन वर्षांच्या पुढे मटार सोलायला बसवा. हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. डाव्या हाताच्या बोटांत शेंग आडवी धरलेली. उजवा अंगठा शिवणीवर टेकतो, दाबतो, शेंग ‘टक्’ करून उघडते. मग तोच अंगठा आतून खालपासून वरपर्यंत सरकतो आणि दाणे एकेक करून वाटीत पडतात. एक हात धरतो, दुसरा दाबतो, अंगठा ढकलतो आणि मूल या सगळ्यावरून नजर हलवत नाही. पहिल्या दिवशी सुरुवात तुम्ही करून द्या, म्हणजे शेंगेचं टोक मोडून शिवण थोडी उघडून द्या. आठवडाभराने अख्खी शेंग द्या. सालीसकट वाटीत टाकलं तर टाकू दे, नंतर वेचा. हातातून शेंग ओढून ‘असं नाही, असं’ करू नका. तुमची शेंग वेगळी घ्या आणि शेजारी बसून सावकाश सोला.

मेथी निवडणं, घेवड्याच्या शेंगा मोडणं, भिजवलेल्या लसणाची सालं काढणं ही त्याच्या पुढची कामं. जुनी वर्तमानपत्रं फाडणंही उत्तम. मात्र दोन्ही हातांची चिमटी एकमेकींजवळ धरून, एक पुढे आणि एक मागे ओढून, लांब पट्ट्या फाडायला शिकवा. कागद दोन्हीकडून खेचून तोडण्यात बोटांना काहीच काम पडत नाही.

साडेतीन-चारच्या पुढे रांगोळी. चिमटीत रांगोळी धरून ठिपका टाकायचा, तेवढंच. रेघ ओढायला लावू नका, ती अजून वर्षभराने. रांगोळीची पूड बारीक असते, डोळ्याला हात लावू देऊ नका. त्याऐवजी तांदळाचं जाडसर पीठ घेतलं तर अधिक बरं.

तपासा: राजम्याचा दाणा उचलताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये गोल खिडकी दिसते का? बोटं सरळ, चपटी एकमेकांवर येत असतील तर अजून टोकाची चिमटी आलेली नाही. आणि बाकीची तीन बोटं बघा. ती तळव्याकडे वळलेली हवीत, पसरलेली नकोत. पसरत असतील तर करंगळी आणि अनामिकेखाली कापसाचा छोटा बोळा धरायला द्या आणि त्याच हाताने दाणे उचलायला सांगा.

## पायरी ४: दोन हात, दोन वेगळी कामं

लिहिताना एक हात लिहितो, दुसरा वही धरतो. हा दुसरा हात सगळे विसरतात.

झाकणांपासून सुरू करा. वेगवेगळ्या मापाच्या पाच-सहा प्लास्टिकच्या बरण्या, आधी तुम्ही सैल करून ठेवलेल्या. एका हाताने बरणी धरायची, दुसऱ्याने झाकण फिरवायचं. मग ओवणं. ओवण्याचाही क्रम आहे आणि इथे हमखास चुकतं: मणी आणि दोरा लगेच हातात दिला जातो. आधी उभ्या लाटण्यावर प्लास्टिकच्या बांगड्या घालू द्या. मग कडक नाडीत रिकामी दोऱ्याची रिळं. नाडीचं टोक मऊ पडलं असेल तर चिकटपट्टी गुंडाळून कडक करा. मग नळीचा पास्ता. मोठे मणी त्यानंतर, आणि चार-साडेचार वर्षांनंतर लोकर विणायची बोथट सुई घेऊन झेंडूची फुलं. दसऱ्याला दाराचं तोरण मुलाने ओवलेलं असलं तर ते महिनाभर येईल त्याला दाखवतं.

बटणं अंगातल्या शर्टावर शिकवू नका. मान वाकवून, उलट्या बाजूने बटण दिसतच नाही. मोठ्या माणसाचा जुना शर्ट परातीत किंवा उशीवर पसरा, मोठ्या बटणांचा. आधी बटण काढणं, काही आठवड्यांनी लावणं. अर्धं बटण तुम्ही काजातून बाहेर काढा, उरलेलं त्याने ओढायचं. शेवटचा टप्पा मुलाने पूर्ण केला की काम त्याचं होतं. चेनची चड्डी, नाडीचा पायजमा, बकलाची चप्पल यांना वेळ लागतो म्हणून आपण सगळं इलास्टिकचं घेतो. शाळेच्या दिवशी घ्या, पण रविवारी बटणवाला शर्ट काढा.

तपासा: नाडी धरणारा आणि मणी धरणारा हात मूल सारखा बदलतंय का? तीन वर्षांपर्यंत ठीक आहे. हात कोणता ते बहुतेक मुलांत दोन ते चार वर्षांच्या दरम्यान दिसायला लागतं आणि पाच-सहापर्यंत पक्कं होतं. मूल डावखुरं असेल तर ते तसंच राहू द्या. आजी-आजोबांनाही हे आधीच स्पष्ट सांगा. डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात देणं आजही घरोघरी चालतं आणि त्याने मुलाचं नुकसानच होतं.

## पायरी ५: हत्यारं

हत्यार म्हणजे हात आणि वस्तू यांच्यामधली तिसरी गोष्ट. आधी चमचा: एका वाटीतला राजमा दुसऱ्या वाटीत. मग फुलपात्राने तांब्यातून पाणी भरणं आणि ओतणं. मग कपड्यांचे चिमटे, ताटाच्या कडेला गोल लावत जायचे. चिमटा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनी दाबायचा. स्प्रिंग फार घट्ट असेल तर मूल अख्ख्या मुठीने दाबतं, म्हणून जुना, सैल झालेला चिमटा शोधा.

मग कात्री. गोल टोकाची, पण कापणारी. प्लास्टिकची बोथट कात्री कागद दुमडते, मूल निराश होतं. अंगठा वरच्या भोकात, मधलं बोट खालच्या भोकात, तर्जनी बाहेरून आधाराला. अंगठा नेहमी छताकडे. तो जमिनीकडे वळायला लागला की मुलाच्या अंगठ्याच्या नखावर स्केच पेनने एक डोळा काढा आणि सांगा, ‘डोळ्याला वर बघायचंय.’

कागद पातळ नको. जुन्या लग्नपत्रिका किंवा दिनदर्शिकेची पानं घ्या आणि दीड सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून ठेवा. एका कात्रीत एक तुकडा पडला पाहिजे. अडीच-तीन वर्षांत एवढंच. सरळ रेषेवर कापणं चारच्या आसपास, गोल त्यानंतर. गोल कापताना कात्री नाही, कागद फिरवायचा. डावखुऱ्या मुलासाठी डाव्या हाताची कात्री घ्या. नेहमीच्या कात्रीची पाती त्याच्या हातात उलटी पडतात आणि कापायची रेघ झाकली जाते.

सावधान: कात्री बसूनच वापरायची, आणि काम संपलं की तुमच्या हातात परत. भावंडाचे केस कापले जाण्यासाठी दोन मिनिटं पुरतात.

## पायरी ६: आता पेन्सिल

तरीही पेन्सिल लगेच नाही, आधी खडू. पाटी भिंतीला उभी टेकवा, मुलाच्या छातीच्या उंचीला. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे वळतं आणि बोटं मोकळी होतात. खडूचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. लांब खडू मुठीत बसतो, तुकडा बसत नाही. तो धरायला तीनच बोटं लागतात आणि न सांगता पकड येते. तुम्ही दिवसभर ‘नीट धर, नीट धर’ म्हणून जे होत नाही ते हा तुकडा करतो.

अक्षरांच्या आधी आकार. उभी रेघ साधारण दोन वर्षांत, गोल तीन वर्षांत, अधिकचं चिन्ह चारच्या आसपास, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण पाचच्या पुढे. आपल्या देवनागरीत उभी काठी, आडवी शिरोरेघ, गोल आणि वळण एकाच अक्षरात येतात. ‘क’ लिहून बघा. ज्याला अजून अधिकचं चिन्ह काढता येत नाही त्याला ‘क’ गिरवायला लावणं म्हणजे त्याचा छळ आहे. आकार परातीत रवा पसरून बोटाने काढू द्या, ओल्या बोटाने पाटीवर काढू द्या, मग खडू, मग जाड रंगखडू, मग पेन्सिल. २०२० च्या शैक्षणिक धोरणात पहिलीचं वय सहा पूर्ण असं धरलं आहे. तुमच्याकडे वेळ आहे.

तपासा: दोन मिनिटं चित्र काढल्यावर मूल हात झटकतं का? कागद मागून चाचपा. रेघा उठून आल्या असतील तर दाब जास्त आहे, पायरी दोनवर जा. रेघ फिकट, तुटक असेल तर पायरी एक आणि दोन.

## वारंवार होणाऱ्या चुका

मोबाईलवर बोटाने रेघा ओढायच्या खेळाला लिखाणाची तयारी समजणं. काच घसरते, बोटाला विरोध मिळत नाही, बाकीची चार बोटं बसून राहतात.

रोज नवा खेळ देणं. मुलाला एकच काम पंधरा दिवस हवं असतं. आपल्याला कंटाळा येतो, त्याला नाही.

शेजारच्या मुलाशी तुलना करून दोन पायऱ्या उडी मारणं. वर दिलेली वयं सरासरीची आहेत, चार-सहा महिने इकडे-तिकडे होतंच.

## डॉक्टरांना कधी दाखवावं

वर्ष उलटून गेलं तरी बाळ बोटांनी काही उचलत नसेल. दीड वर्षाच्या आतच फक्त एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत आवळलेला असेल. आधी येत असलेलं काम हातातून गेलं असेल. हात थरथरत असेल. चार वर्षांनंतरही चमचा किंवा खडू धरणं जमत नसेल, तर घरचे खेळ चालू ठेवाच, पण बालरोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. गरज वाटली तर ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडी ताईंना विचारलं की पत्ता मिळतो. जाताना मुलाचा जेवतानाचा आणि चित्र काढतानाचा एकेक मिनिटाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये घेऊन जा. दवाखान्यात मूल हात पाठीमागे लपवून उभं राहतं.